देवरहाटीतला झरा आणि सड्यावरचे खड्डे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही मे महिना उजाडला की इथल्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत असतात. पाऊस कमी पडतो म्हणून ही वेळ येत नाही. पडलेले पाणी पऱ्ह्यांतून आणि नद्यांतून बघता बघता खाडीला मिळते. ते पुढच्या आठ महिन्यांसाठी डोंगरात मुरवण्याची जी सोय वनस्पतींनी केलेली होती, ती ठिकठिकाणी मोडली आहे.

ही सोय पाहायची असेल तर देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात जावे. आमच्या गावच्या देवरहाटीत एप्रिलमध्ये पातेरा हाताने बाजूला केला, की वरच्या कुरकुरीत पानांखाली काळपट, कुजून एकमेकांना चिकटलेल्या पानांचा थर लागतो. त्यात बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले असतात आणि त्याखालची माती बोटांना गार लागते. शेजारच्या उतारावर दरवर्षी वणवा लागतो. तिथली माती त्याच दिवसांत पहारीलाही दाद देत नाही. आषाढातली सर अशा बोडक्या जमिनीवर थेट आदळते, सुटलेल्या मातीच्या कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात आणि पाणी वरच्यावर वाहून जाते. देवरहाटीत मात्र पाऊस आधी पानांवर अडतो, त्यातला काही तिथूनच वाफ होऊन परत जातो, उरलेला खोडांवरून ओघळत पातेऱ्यावर उतरतो आणि गांडुळांनी, वाळवीने व कुजलेल्या मुळांनी केलेल्या पोकळ्यांतून खालच्या जांभ्या दगडात शिरतो. तिथल्या झऱ्याला शिमगा उलटल्यावरही पाणी असते ते यामुळेच. देवाच्या धाकाने तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलली नाही, म्हणून पातेराही शाबूत राहिला. या धाकाचे मोल मला फार मोठे वाटते.

झाडे पाऊस आणतात असे आपण सर्रास म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण तो पाऊस आपल्याच दारात पडेल असे नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे उघडते तेव्हा मुळांनी ओढलेले पाणी बाष्प होऊन बाहेर पडते आणि ते वाऱ्याबरोबर जाते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात तमिळनाडूवर जो पाऊस पडतो, त्यातील मोठा वाटा पश्चिम घाटातल्या जंगलांनी सोडलेल्या बाष्पाचा असतो. घाटातले जंगल तुटले, तर त्याची झळ पूर्वेकडच्या शेतकऱ्यालाही लागते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: झाड पाणी पिते. निलगिरी पर्वतावरील गवताळ पाणलोटात ब्लू गमची (युकॅलिप्टसच्या एका जातीची) लागवड करून तिथला प्रवाह वर्षानुवर्षे मोजण्यात आला, तेव्हा पहिल्या दहा वर्षांतच तो सुमारे १६ टक्क्यांनी घटला. तिथे डोंगरमाथ्यावर गवत आणि घळीत दाट शोला जंगल अशी मूळची वाटणी होती, आणि ती मोडून गवतावर झपाट्याने वाढणारी झाडे उभी केल्यावर खालच्या ओढ्यांचा वाटा त्या झाडांनी घेतला.

म्हणूनच दर जुलैमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, खड्डे खणून होणारी वृक्षारोपणे पाहिली की मला काळजी वाटते. सडा उन्हाळ्यात उजाड दिसत असला, तरी तो पडीक नसतो. पावसाळ्यात जांभ्यावरच्या वीतभर मातीत गवत, तेरडा, सीतेची आसवे, किडे खाणारा दवबिंदू असे सारे उगवते, खोलगट जागी पाणी साचते, आणि ते कातळाच्या भेगांतून पाझरत खालच्या वाडीच्या विहिरीपर्यंत पोहोचते. या भागात सामाजिक वनीकरणाच्या नावाने ऑस्ट्रेलियन बाभूळही पुष्कळ लावली गेली. तिचा पाला लवकर कुजत नाही, आणि तिच्याखाली देवरहाटीसारखी माती मला तरी कुठे आढळलेली नाही.

यंदा गावात रोपे येतील तेव्हा ती वहाळाच्या काठी आणि घळीत लावावीत, त्यांत जांभूळ, करंज, उंबर अशी इथलीच झाडे असावीत आणि सडा जसा आहे तसा राहू द्यावा, असे मी ग्रामसभेत सुचवणार आहे. रोपांइतकाच खर्च वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढण्यावर करावा, हीदेखील माझी विनंती राहील.