सागवानी पाटीवरचा हेक्स

साखर पेठेतल्या सुतारमामांकडून 'हेक्स' या दोघांच्या खेळासाठी सागवानी पाटी करून घेतली. ११ गुणिले ११ षटकोनी घरं, प्रत्येकात गोटी बसेल एवढी खोलगट वाटी. हात फिरवत राहावंसं वाटतं!

हा खेळ डेन्मार्कच्या पीट हाइन यांचा. डिसेंबर १९४२ मध्ये 'पोलिटिकेन' या वृत्तपत्रात तो 'पॉलिगॉन' नावाने आला. लोक कागदावर पेन्सिलीने खेळायचे. पुढे गणितज्ञ जॉन नॅश यांनाही अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तो स्वतंत्रपणे सुचला. आपल्या समोरासमोरच्या दोन कडा आपल्या गोट्यांनी सलग जोडायच्या, बस्स. बरोबरी होतच नाही. अचूक खेळल्यास पहिला खेळाडू नेहमीच जिंकू शकतो हे नॅश यांनी सिद्ध केलं. कोणत्या चालींनी, ते मात्र त्या सिद्धतेतून कळत नाही. मला याचंच वेड लागलंय. पहिल्याचा हा फायदा कमी व्हावा म्हणून भाचीसोबत खेळताना पहिली गोटी पडली की दुसऱ्याला बाजू बदलायची मुभा असते.