जुने टूथब्रश अपडेट: डुकराचा केस की नायलॉन?

मंडळी, १९३०-४० च्या काळातले अमेरिकन ब्रश वेगळे काढायचं काम सध्या जोरात चालूय. माझा मेन इंटरेस्ट म्हणजे डॉ. वेस्ट्स मिरॅकल टफ्ट, शिकागोच्या वेको प्रॉडक्ट्सचा, कारण नायलॉनची बाजारात आलेली पहिली वस्तू म्हणजे हाच ब्रश, फेब्रुवारी १९३८! लोक स्टॉकिंग्जचं नाव घेतात पण ते अमेरिकाभर विकायला आले मे १९४० मध्ये, म्हणजे ब्रश दोन वर्षं पुढे. आणि गंमत बघा, नायलॉन बनवणाऱ्या ड्यूपाँट कंपनीने नायलॉन हे नाव जाहीर केलं ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणून ब्रशच्या जाहिरातीत ब्रिसलचं (म्हणजे ब्रशच्या केसांचं) नाव एक्सटन असं दिसतं. ड्यूपाँटच्या ज्या केमिस्ट कॅरोथर्सच्या टीमने १९३५ मध्ये नायलॉन बनवलं तो १९३७ मध्येच गेला, त्याला हे काहीच बघायला मिळालं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता ओळखायचं कसं. काचेच्या नळीवर जाऊ नका, वेस्ट्सचे डुकराच्या केसांचे ब्रशही तशाच सीलबंद नळीत यायचे. सरळ भिंग घ्या आणि केसाचं टोक बघा. डुकराचा केस बुडाशी जाड, वर निमुळता, कापला गेला नसेल तर शेंड्याला फाटे फुटलेले, रंगही प्रत्येकाचा थोडा वेगळा. नायलॉन खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं, काचेसारखं आरपार, टोक सपाट कापलेलं, कडा धारदार. हीच कड हिरड्यांना लागायची, सुरुवातीचं नायलॉन तसंही कडकच होतं, मऊ ब्रिसल यायला १९५० चं दशक उजाडलं. तरी लोकांनी ते घेतलं कारण डुकराचे केस पाणी धरून ठेवतात, लवकर वाळत नाहीत, झडून तोंडात येतात.

अजून एक, हँडल सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचं असेल तर (अंगठ्याने घासलं की कापराचा वास येतो) प्लास्टिक ओळखायला तापलेली सुई टोचतात ती टेस्ट अजिबात करू नका, भसकन पेटतं. आणि असे ब्रश बंद डब्यात इतरांसोबत कोंबू नका, सेल्युलॉइड खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या ब्रशची, केस धरून ठेवणारी धातूची पिनसुद्धा गंजते. माझे सगळे आता सुटे, हवा खेळती राहील अशा ट्रेमध्ये ठेवलेत.

पुढचा शोध गोल टोकांच्या मऊ नायलॉन ब्रशचा, अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये सांगितलेल्या ०.००७ इंच जाडीच्या ब्रिसलचा. कोणाकडे असेल तर टोकाचा क्लोजअप टाका प्लीज, हँडल नाही दिसलं तरी चालेल.