फ्रिक्वेन्सी ड्रायव्हर, तिसरी आवृत्ती: हँग सापडला, पण दोन पॅचच्या मधोमध

आपल्या चार कोअरच्या बोर्डासाठी लिनक्स कर्नलच्या पॅचची जी मालिका आली आहे, तिची तिसरी आवृत्ती लावली की बोर्ड गोठतो. या हँगचं मूळ अखेर सापडलं. सीपीयूफ्रीकच्या (प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज ठरवणाऱ्या) पॅचमध्ये नाही आणि क्लॉकच्या (ती फ्रिक्वेन्सी प्रत्यक्ष तयार करणाऱ्या) पॅचमध्येही नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, एकत्र आले की बोर्ड बसतो.

तिसऱ्या आवृत्तीत आधीच्या नोंदींतल्या बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. सध्याची फ्रिक्वेन्सी सांगणारं गेट फंक्शन क्लॉकचा दर हर्ट्झमध्येच परत देत होतं, ते आता किलोहर्ट्झमध्ये देतं. ट्रान्झिशन लेटन्सीत (फ्रिक्वेन्सी बदलायला लागणाऱ्या वेळेत) मायक्रोसेकंदांचा आकडा नॅनोसेकंद म्हणून भरला होता, तोही सुधारला. फास्ट स्विच, म्हणजे कुठेही न थांबता जागच्या जागी फ्रिक्वेन्सी बदलायची सोय, पूर्ण काढला, ते भागच होतं. शेड्युटिल (भार पाहून फ्रिक्वेन्सी ठरवणारा गव्हर्नर) तो रनक्यूचं, म्हणजे कामांच्या रांगेचं, लॉक धरून बोलावतो, तेव्हा स्लीप, म्हणजे थांबून वाट पाहणं, चालत नाही; आणि व्होल्टेज देणारा आपला रेग्युलेटर आय-टू-सी या संथ बसवर आहे, म्हणजे तिथे स्लीप होणारच. अशी चुकीच्या जागची स्लीप पकडणारा डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप हा पर्याय चालू केल्यावर जो ट्रेसचा पाऊस पडायचा तो थांबला. लॉग इतका स्वच्छ पाहून फार बरं वाटलं.

तरीही बोर्ड हँग होतच होता. पॅनिक नाही, क्रॅशचा लॉग जपणाऱ्या पीस्टोअरमध्ये एक ओळ नाही. सिरियल कन्सोल शब्दाच्या मध्येच थांबतो. (यात भर म्हणजे नवा सिरियल अडॅप्टर १५ लाख बॉडला अक्षरं गाळतो, त्यामुळे मरणारा बोर्ड कोण आणि बहिरा अडॅप्टर कोण हेच कळेना.) विचित्र गोष्ट अशी की रात्रभर चारही कोअर राबवले तरी काही होत नाही, मोकळा सोडला की मरतो. परफॉर्मन्सवर (कायम सर्वात वरची फ्रिक्वेन्सी) ठीक, पॉवरसेव्हवरही (कायम सर्वात खालची) ठीक. म्हणजे कुठल्याही एका फ्रिक्वेन्सीत दोष नाही, बदलात आहे.

पहिला संशय अर्थातच क्रमावर. वर जाताना आधी व्होल्टेज मग फ्रिक्वेन्सी, खाली येताना उलट. कोडमध्ये ते बरोबर आहे. ऑसिलोस्कोपचा प्रोब कोअरच्या रेलवर लावून ८१६ वरून १२०० मेगाहर्ट्झला उडी मारायला लावली: व्होल्टेज आधी चढतं, स्थिरावतं, रॅम्पही (चढण्याचा वेग) डिव्हाइस ट्रीतल्या, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीतल्या, आकड्याशी जुळतो. तिथे बोट ठेवायला जागाच नाही.

धागा मिळाला ट्रान्स-टेबलमधून, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवरून कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती वेळा गेलं याच्या तक्त्यातून. मोकळ्या बोर्डावरचे जवळजवळ सगळे बदल २४०, ३१२ आणि ४०८ मेगाहर्ट्झ याच तिघांत चालले होते. गंमत म्हणजे आपल्या ओपीपी टेबलात (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज, याच्या यादीत) या तिघांना एकच व्होल्टेज आहे, ०.९५ व्होल्ट. म्हणजे इथे रेग्युलेटरला कुणी हातच लावत नाही. मग हाताने फ्रिक्वेन्सी ठरवू देणारा युजरस्पेस गव्हर्नर लावला आणि त्याच्या स्केलिंग-सेटस्पीड या फाइलीत आळीपाळीने (किलोहर्ट्झमध्ये) २४०००० आणि ३१२००० लिहिणारा लूप सोडला. लगेच हँग! तोच लूप ८१६ आणि १२०० मध्ये सोडला तर सकाळपर्यंत चालू.

मग क्लॉकचा पॅच नव्याने वाचला. पीएलएलचा (क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटचा) दर बदलताना ती पुन्हा लॉक होईपर्यंत कोअर तिच्यावर ठेवता येत नाही, म्हणून नोटिफायर (दर बदलण्याच्या आधी-नंतर चालणारा कोड) म्यूक्स, म्हणजे क्लॉकचा स्रोत निवडणारा स्विच, फिरवून कोअरला तात्पुरतं दुसऱ्या, स्थिर पीएलएलवर नेतो. ही दुसरी पीएलएल ६०० मेगाहर्ट्झची. आणि ६०० ला टेबलात १.०५ व्होल्ट लागतात! म्हणजे २४० वरून ३१२ ला जाताना कोअर लॉक होईपर्यंत ६०० वर धावतो, तेही ०.९५ व्होल्टवर. बहुतेक वेळा निभावतं, एखाद्या वेळी नाही. व्होल्टेजचं ज्ञान सीपीयूफ्रीककडे, म्यूक्सचं क्लॉक ड्रायव्हरकडे, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. चेकपॅच, स्पार्स वगैरे कोड आपोआप तपासणाऱ्या साधनांकडून इथे अपेक्षाच ठेवू नका. चेकपॅच तर या मालिकेत फक्त रिकाम्या जागांवरून भांडलं.

उपाय म्हणून आधी मनात होतं की अशा बदलाआधी व्होल्टेज १.०५ वर न्यायचं आणि नंतर उतरवायचं. लिहून पाहिलं, आवडलं नाही. मोकळ्या बोर्डावर प्रत्येक चिमुकल्या बदलाला आय-टू-सीच्या दोन फेऱ्या आणि वर रॅम्पची वाट, म्हणजे वीज वाचवायला निघून वीजच जाळायची. सॅमसंगच्या एक्सिनॉसचा क्लॉक कोड हाच प्रश्न डिव्हायडरने (क्लॉकच्या दराला भागणाऱ्या सर्किटने) सोडवतो आणि ते जास्त नेटकं आहे: आधी डिव्हायडर ३ करा, मग म्यूक्स फिरवा. ६०० चे २०० होतात, २४० च्या खाली. परतताना आधी म्यूक्स, मग डिव्हायडर १. हा क्रम उलटला तर पुन्हा क्षणभर ६०० आलेच, त्यामुळे चौथ्या आवृत्तीत त्या दोन ओळींवर कॉमेंट हवीच असं पॅचकर्त्यांना कळवलंय.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. २४० आणि ३१२ हवेत कशाला? व्होल्टेज तेच असेल तर हळू धावून प्रत्येक सायकलमागे काही वाचत नाही, ४०८ वर काम उरकून आयडलमध्ये गेलेलं बरं. आणि ६०० च्या खाली एकटा ४०८ उरला तर हँगची वाटच बंद होते: ४०८ वरून वर जाताना व्होल्टेज आधीच चढलेलं असतं, खाली येताना अजून उतरलेलं नसतं. ड्रायव्हरला हात न लावता प्रश्न मिटतो. फक्त तापमानामुळे थ्रॉटल होताना (वेग मुद्दाम उतरवला जाताना) २४० चा उपयोग आहे, तेव्हा पंखा नसलेल्यांनी जरा थांबा.

तरी डिव्हायडरचा बदल मी सोडणार नाही. उद्या कुणी टेबलात पुन्हा दोन खालच्या नोंदी घातल्या की हेच भूत परत येईल. सध्या टेबल जुनंच ठेवून, डिव्हायडरसह, २४०-३१२ चा लूप चालू आहे आणि अजून जिवंत आहे. तुमच्याकडे याच चिपचा पण दुसऱ्या पीएमआयसीचा (व्होल्टेज पुरवणाऱ्या चिपचा) बोर्ड असेल तर तिसऱ्या आवृत्तीवर हाच लूप चालवून ट्रान्स-टेबल पाठवा. ०.९५ ऐवजी १.० व्होल्टवरही हँग होतो का, ते मला पाहायचंय.