मेमधलं मांघर, ऑगस्टमधली पेटी

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे पडली की रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या आणि मधाच्या पाट्या सुरू होतात. महाबळेश्वरच्या बाजारात न रेंगाळता आम्ही मांघरचा रस्ता धरला. 16 मे 2022 रोजी हे गाव देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशी झाडं-झुडपं भोवती असल्यावर मधमाशीला वेगळं आमंत्रण लागत नाही.

इथली माशी म्हणजे सातेरी. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, तिला पेटीत कोंडता येत नाही. सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत, कपारीत, रिकाम्या वारुळात शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहते. पेटीतल्या चौकटी म्हणजे त्या पोळ्यांचीच नक्कल. दोन पोळ्यांमध्ये माशीला फिरायला 7 ते 9 मिलिमीटरची वाट लागते. गावच्या सुताराने अंदाजाने केलेल्या पेटीत ही वाट चुकते. जास्त जागा राहिली की माश्या आडवी पोळी बांधून चौकटी जोडून टाकतात, आणि मग एक चौकट उचलायला गेलं की तीन फाटतात.

महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत वैयक्तिक मधपाळाला 10 दिवसांचं, केंद्रचालकाला 20 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, साहित्याला निम्मं अनुदान असतं. शिकण्यातला खरा रंगतदार भाग ढोलीतली वसाहत पेटीत आणण्याचा. संध्याकाळच्या सुमाराला हलका धूर द्यायचा (जास्त दिला तर माश्या बिथरतात), पोळी एकेक करून कापायची. मधाचा भाग वेगळा काढायचा. तो तसाच बांधला तर वजनाने गळून पडतो आणि सांडलेल्या मधावर मुंग्या येतात. अंडी-पिल्लांची पोळी, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने चौकटीला बांधायची. पोळं लाकडाला चिकटवून झालं की माश्या तो दोरा स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग येतात. राणी बाहेर राहिली तर मात्र सकाळी पेटी रिकामी! दाराला काही दिवस राणी अडवणारी जाळी लावतात ती याचसाठी. पेटी हलवायची तर रात्री, दार बंद करून. दिवसा अंगणात चार पावलं सरकवली तरी चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच घिरट्या घालत बसतात.

मध फक्त वरच्या मधकोठीतला (पेटीच्या वरच्या, मधासाठीच्या कप्प्यातला) घ्यायचा, तोही निदान पाऊण पोळं मेणाने बंद झाल्यावर. उघड्या घरांतल्या मधात पाणी जास्त असतं, तो बाटलीत फसफसतो. मानकाप्रमाणे ओलावा 20 टक्क्यांच्या वर नको. सुरीने टोप्या कापून चौकट मधयंत्रात फिरवली की पोळं शाबूत राहतं आणि माश्यांना परत देता येतं. पिळून काढलेल्या मधात पिल्लांचा रसही उतरतो. कारवीचं प्रकरण निराळंच: ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि तिच्या मधाच्या साखरेसाठी देशाच्या अन्नमानकांत स्वतंत्र मर्यादा दिलेल्या आहेत.

इथवर सगळं छान. मे संपता संपता फुलोरा आटतो, मग महाबळेश्वरचा पाऊस, आणि अनुदानाच्या पेट्या रिकाम्या होतात त्या याच काळात. माश्यांना बाहेर पडता येत नाही, साठा संपतो. संख्या घटली की मोकळी पोळी राखायला माश्या पुरत नाहीत, त्यांत मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, शिरतो. भूक आणि किडा एकत्र आले की सातेरी सरळ घर सोडते. उपाय साधा आहे, फक्त दर आठवड्याला करावा लागतो. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्यायची, दार लहान करायचं, तळपाट खरवडून स्वच्छ करायचा, घोडीचे, म्हणजे पेटीखालच्या स्टँडचे, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन पाक करायचा. एका वसाहतीला आठवड्याला पाव किलो साखरेचा पुरतो. तो दिवेलागणीला, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी, थेंब न सांडता द्यायचा. एकीला दिला आणि दुसरीला नाही, की सबळ वसाहत दुबळीला लुटते. सगळा मध काढून घेणाऱ्यावरच हा पाकाचा खर्च जास्त येतो, हेही हिशेबात धरावं.

दहा दिवसांत पेटी उघडायची भीती जाते, पण पावसाळा दिसत नाही. आमच्या मते प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा ऑगस्टमध्ये, मधपाळाच्या स्वतःच्या पेटीपाशी, छत्री धरून व्हायला हवा. मांघरच्या नव्या मधपाळाशेजारी निदान जुना मधपाळ राहतो. फुलोरा असलेल्या पण माशीची सवय नसलेल्या गावात पाच पेट्या देऊन गाडी निघून गेली, तर पाक कधी द्यायचा हे विचारायलाही कोणी नसतं.