कार्डेनडेनचा गोलरक्षक

ग्लासगोहून एडिंबरा, तिथे गाडी बदलून फोर्थच्या खाडीवरचा 1890 सालचा पोलादी पूल आणि पुढे स्कॉटलंडच्या फाइफ भागातले कार्डेनडेन. मला दोन-अडीच तास लागले. सप्टेंबर 1931मध्ये ग्लासगोतील कित्येक बेरोजगार माणसे, भाड्याला पैसे नसल्यामुळे, हेच सुमारे 55 मैलांचे अंतर पायी तुडवत आली होती. ज्याला अखेरचा निरोप द्यायला ती आली, त्या जॉन थॉमसन या फुटबॉलच्या गोलरक्षकाची कबर पाहण्यासाठी मी इथे उतरलो.

थॉमसन जन्मला 1909मध्ये कर्कॉडीत, पण वाढला याच खाणगावात, आणि चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत उतरला. 1926मध्ये ग्लासगोतल्या सेल्टिक या फुटबॉल क्लबने त्याला अवघ्या 10 पौंडांत करारबद्ध केले. फेब्रुवारी 1927मध्ये, नुकताच अठरा वर्षांचा झालेला असताना, तो डंडीविरुद्ध मुख्य संघातून खेळला आणि त्याच मोसमात स्कॉटिश कप जिंकणाऱ्या संघात होता, 1931मध्ये पुन्हा. सेल्टिककडून 188 सामने, स्कॉटलंडकडून 4. समोरून धावत येणाऱ्या आघाडीवीराच्या थेट पायांत झेप घेऊन चेंडू काढून घेणे ही त्याची खासियत होती. 1930मध्ये अशाच एका झेपेत त्याचा जबडा आणि बरगड्या मोडल्या, तेव्हा हा खेळ सोड म्हणून आईने त्याला विनवले होते. त्या माउलीचा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

5 सप्टेंबर 1931 रोजी ग्लासगोतल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबविरुद्ध त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावरच्या सामन्यात, उत्तरार्ध नुकताच सुरू झाला असताना, रेंजर्सचा आघाडीवीर सॅम इंग्लिश गोल मारण्याच्या बेतात होता. थॉमसनने झेप घेतली, त्याचे डोके इंग्लिशच्या गुडघ्यावर आदळले आणि कवटी फुटली. गोलमागचे रेंजर्सचे समर्थक जल्लोष करू लागले, तेव्हा त्यांच्याच कर्णधाराने, डेव्हिड मीकलजॉनने, हात उंचावून त्यांना शांत केले. त्याच रात्री, वयाच्या 22व्या वर्षी, थॉमसन गेला.

चौकशीत तो अपघातच ठरला. इंग्लिशने त्या मोसमात लीगमध्ये 44 गोल केले, तरी प्रेक्षकांच्या कुत्सित आरोळ्यांनी पुढे त्याची पाठ सोडली नाही. हा अन्याय मला थॉमसनच्या मृत्यूइतकाच अस्वस्थ करतो.

कार्डेनडेनच्या याच रस्त्यांवरून सेल्टिकच्या सहा खेळाडूंनी त्याची शवपेटी खांद्यावर वाहिली होती. दफनभूमीत त्याच्या कबरीजवळ कुणीतरी सेल्टिकच्या रंगांचा हिरवा-पांढरा मफलर बांधून ठेवला होता. पावसाने भिजला होता, पण नवा होता.