बॅग व्हीलचेअरवर, मी पायी

जुलैतलं न्यू ऑर्लिन्स म्हणजे मे महिन्यातलं दादर. घाम पुसावा आणि पुन्हा यावा. एरवी या दिवसांत मी तिथं फिरकले नसते, पण नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचं राष्ट्रीय अधिवेशन जुलैतच असतं आणि 2025 चं तिथं होतं. अंधांनी स्वतः चालवलेली ही संघटना 1940 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात सुरू झाली. पहिले अध्यक्ष जेकोबस टेनब्रूक, स्वतः अंध आणि कायद्याचे गाढे अभ्यासक. मीही अंध. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून या अधिवेशनाबद्दल ऐकत होते आणि दर उन्हाळ्यात जाणं टाळत होते. कधी रजा नाही, कधी पैसे नाहीत. खरं कारण मात्र एकच, "सोबत कोण?" हा प्रश्न. तो कोणी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारून मोकळी व्हायचे.

यंदा आधी तिकीट काढलं आणि मग ठाण्याला फोन लावला.

"सोबत कोण आहे?" आई.

"एक बाई आहेत. ओहायोच्या. खोली दोघींत घेतलीय, भाडं निम्मं पडतं."

"बरं झालं बाई. त्यांना दिसतं ना?"

"नाही."

फोन कट झाला की काय असं वाटण्याइतका वेळ गेला. मग म्हणाली, "निदान वयानं मोठ्या आहेत का?" त्या सत्तरीच्या आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, गुडघा दुखतो तरी दरवर्षी जातात, हे सगळं सांगितलं. गुडघ्याचं ऐकून आईला जरा धीर आला. का ते विचारू नका.

तयारीतलं निम्मं शहाणपण या ओहायोवाल्या बाईंचं. हॉटेलच्या सवलतीच्या खोल्या भराभर संपतात, तेव्हा आधी खोली आणि मग बाकी सगळं. कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये हवी असेल तर नोंदणी करतानाच सांगायचं. घडीची काठी असली तरी एक जास्तीची बॅगेत टाकायची, कारण तिथं हजारो काठ्या एकमेकींत अडकतात आणि एखादी मोडतेच. आणि शेवटी अगदी बजावून, "विमान कंपनीला फोन कर आणि तुझ्या नावापुढे कोणता कोड टाकलाय ते विचार. बीएलएनडी, म्हणजे अंध प्रवासी, असा असला पाहिजे. डब्ल्यूसीएचआर, म्हणजे व्हीलचेअर, असा असेल तर खुर्ची येईल."

मी फोन केला होता. बीएलएनडीच आहे, असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं.

विमानतळावर खुर्ची आली.

"मॅम, प्लीज हॅव अ सीट." काउंटरवरची मुलगी गोड आवाजाची होती, तिच्यावर चिडणं अवघड. मी म्हटलं, मला चालता येतं, गेटपर्यंत फक्त रस्ता दाखवणारं माणूस हवंय. ती म्हणाली, कंपनीचा नियम आहे. मी म्हटलं, असा नियम करताच येत नाही. 1986 चा एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट आहे, प्रवाशानं न मागितलेली सेवा त्याच्यावर लादता येत नाही. ती म्हणाली, पण हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. हे वाक्य मी दोन देशांत इतक्या वेळा ऐकलंय की त्याची चालसुद्धा मला पाठ आहे. मागे रांग वाढत होती, कोणीतरी मोठ्यानं उसासा टाकला. पाय दुखत नसताना बसून टाकावं, काय बिघडतं, असं त्या क्षणी मलाही वाटलं. दरवेळी तसंच तर करत आले होते. शेवटी ओहायोवाल्या बाईंनी शिकवलेलं वाक्य काढलं, "तुमच्या सीआरओला बोलवा." अपंग प्रवाशांच्या तक्रारी सोडवायला असा एक अधिकारी प्रत्येक कंपनीला ठेवावा लागतो. मुलगी फोनवर कुजबुजली. दोन-तीन मिनिटांत नियम नाहीसा झाला.

पण खुर्ची ढकलणारे काका नाहीसे झाले नाहीत. ते गुजराती निघाले. "बेसी जाओ ने, बेटा. मफत छे."

आता यांना कायदा काय सांगणार? काउंटरशी भांडता येतं, पण आपल्या बापाच्या वयाचा माणूस मायेनं "बस" म्हणतो तेव्हा मोठ्यांचं मन मोडायचं नाही हे लहानपणापासूनचं वळण घशाशी येतं. मी हिंदीत समजावलं. ते ऐकून घेत होते आणि खुर्ची हळूहळू माझ्या पोटऱ्यांना टेकवत होते. त्यांचंही खरंच होतं. खुर्ची रिकामी नेली तर साहेब विचारेल, पॅसेंजर कुठाय.

मग तेच म्हणाले, "तो बेगने बेसाडो."

माझी बॅग ऐटीत खुर्चीत बसली. मी त्यांच्या दंडाला धरून शेजारून चालू लागले. सिक्युरिटीच्या माणसानं विचारलं, पॅसेंजर कोण? काका म्हणाले, "धिस बॅग." वाटेभर ते मला त्यांच्या आणंदच्या घराबद्दल सांगत होते. गेटवर मी नेहमीपेक्षा जास्त टिप दिली. ती त्यांना दिली की बॅगेच्या वतीनं, कोण जाणे.

अधिवेशनाचे दिवस गर्दीत गेले. हॉटेलात दोन हजारांहून जास्त अंध माणसं, शेकडो काठ्यांची टकटक, पायात येणारे गाइड डॉग. कोपऱ्याकोपऱ्यावर स्वयंसेवक उभे राहून "एस्केलेटर डावीकडे" असं ओरडत असतात. माणसं एकमेकांवर आदळतात आणि "सॉरी" पुटपुटून पुढे जातात, कोणी चुकचुकत नाही, कोणी दंड धरून भलतीकडे ओढत नाही. लिफ्टसाठी मात्र इतकं थांबावं लागे की तेवढ्यात ओळखी होत. मला गर्दी सोसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत जाऊन दार लावून पडले होते. ठरावांवरच्या चर्चेत डुलकीही काढली.

प्रदर्शनात मोनार्क नावाचं ब्रेल यंत्र हाताळलं. 10 ओळी, दर ओळीत 32 ब्रेल अक्षरं, आणि त्याच पटलावर आकृत्याही उमटतात. दादरच्या अंध मुलींच्या शाळेत मी टेलर फ्रेम नावाच्या भोकाभोकांच्या पाटीवर एकेक खिळा खोचून गणितं केली. आलेख म्हणजे काय ते बाईंनी तळहातावर बोटानं काढून दाखवलं होतं. इथं साइनचा वक्र बोटाखाली आला आणि मी तो दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. मागचा माणूस शेवटी खाकरला. जाता जाता सांगते, ती शाळा 1900 साली ॲना मिलार्ड नावाच्या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी काढलेली.

शाकाहारी माणसाचे न्यू ऑर्लिन्समध्ये हाल होतात. राजमा-भातासारखा रेड बीन्स अँड राइस मागवावा तर त्यातही सॉसेज. मग बेन्ये खा. तळलेल्या पावावर पिठीसाखरेचा ढीग, खाताना श्वास घेतलात तर ठसका लागलाच म्हणून समजा. ओहायोवाल्या बाईंनी हे मला आधी सांगितलं नाही, मुद्दामच. ट्रॅमचं तिकीट सव्वा डॉलर, आम्ही दोघी एका संध्याकाळी काही काम नसताना नुसत्या सेंट चार्ल्सपर्यंत जाऊन आलो. फ्रेंच क्वार्टरचे फुटपाथ इतके उखडलेले की मला घरच्यासारखं वाटलं, आणि बाई दर दहा पावलांना एक शिवी हासडत होत्या.

बाई रात्री घोरतात. तरी पुढच्या वर्षीची खोली त्यांच्याबरोबरच घ्यायचं ठरलंय. आई हल्ली प्रत्येक फोनवर त्यांच्या गुडघ्याची चौकशी करते. तेल पाठवू का म्हणून विचारत होती.