अकरा मिनिटं पुढे चाललेला मीटर

फोंडा तालुक्यातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्याचा ओपन ॲक्सेसचा अर्ज गोव्याच्या वीज खात्यात माझ्याकडे आला, तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. मंजूर भार ६०० केव्हीए, पुरवठा ११ केव्हीचा. मालकांना राज्याबाहेरच्या एका सौर प्रकल्पाची वीज घ्यायची होती. म्हणजे तारा आमच्या, वीज दुसऱ्याची. पूर्वी एवढ्या लहान ग्राहकाला हे शक्यच नव्हतं. २००३ च्या वीज कायद्याने ही वाट मोकळी केली ती एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकांना. जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती अट १०० किलोवॉटवर आणली. शिवाय पंधरा दिवसांत अर्ज निकालात काढला नाही, तर तो मंजूर झाला असं धरतात.

ऑफिसातली पहिली प्रतिक्रिया होती, "जातोय तर जाऊ दे, एक कटकट कमी." हे बोलणं मला सहन होत नाही. रात्रंदिवस सारखा भार घेणारा आणि बिल तारखेच्या आत भरणारा ग्राहक जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या खांद्यावर काय पडतं याचा हिशेब कुणी करत नाही. गोव्याकडे स्वतःची नाव घेण्यासारखी वीजनिर्मिती नाही. बहुतेक वीज केंद्रीय प्रकल्पांतल्या आपल्या वाट्याची, वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेली. ती उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नाही. सत्तरी-सांग्यातल्या एखाद्या वाडीत पाच घरांसाठी ओढलेल्या लाइनीचा खर्च त्या घरांच्या बिलातून निघत नाही. त्यातला काही भाग अशा कारखान्यांच्या दरातून निघतो. सोडून जाणाऱ्याला या भागाची भरपाई म्हणून क्रॉस सबसिडी अधिभार भरावा लागतो हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे.

मी मीटर आणि तांत्रिक तपासणी बघते. माझं काम एवढंच, की जागेवर जायचं, मीटरिंग या व्यवहाराला चालेल का ते बघायचं आणि अहवाल द्यायचा. बाहेरच्यांना वाटतं, मीटर म्हणजे युनिट मोजणारा डबा. नेहमीच्या बिलाला महिन्याचे युनिट आणि कमाल मागणी कळली की भागतं. ओपन ॲक्सेसमध्ये दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे होतात. सकाळी सव्वादहा ते साडेदहा या तुकड्यात सौर प्रकल्पाने किती वीज ग्रिडमध्ये घातली आणि कारखान्याने किती ओढली, याचा मेळ त्याच तुकड्यात घालावा लागतो. त्याहून जास्त ओढली तर ती आमची वीज, आमच्या दराने.

कारखान्यातला मीटर जुना, तीस मिनिटांच्या गणनेचा. सीटी, म्हणजे मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करणारे ट्रान्सफॉर्मर, ०.५ या अचूकतेच्या वर्गाच्या, तिथे जास्त अचूक ०.२ एस लागणार. क्युबिकलचं सील तपासून ऑप्टिकल पोर्टला लॅपटॉप जोडला आणि पहिल्यांदा मीटरचं घड्याळ बघितलं. ते अकरा मिनिटं पुढे होतं. महिन्याच्या बिलात ही अकरा मिनिटं कधी कुणाला दिसली नसती. पंधरा मिनिटांच्या हिशेबात मात्र जवळजवळ अख्खा तुकडा सरकतो आणि एकाची वीज दुसऱ्याच्या रकान्यात जाऊन बसते. वीजपुरवठ्यातल्या स्पर्धेची तयारी म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी आधी हे घड्याळ दाखवीन. सल्लागारांच्या सादरीकरणात 'ग्राहक केंद्री' हा शब्द पानोपानी असतो. मीटरच्या घड्याळाचा उल्लेख मी अजून एकाही सादरीकरणात पाहिलेला नाही.

माझ्यासोबत आमचे जुने लाइनमन काका होते. ते सीटीचं वायरिंग बघत असताना मालक आले. साधे, नेमकं बोलणारे गृहस्थ. मी विचारलं, "दरात किती फरक पडतो तुम्हाला?"

"दराचं सोडा मॅडम," ते म्हणाले. "थोडा पडतो. पण मला हे झटके नकोत. चांगली वीज देणारा हवाय मला."

त्यांनी इलेक्ट्रिशियनला हाक मारली. तो एक लांबट, तेलाचे डाग पडलेली वही घेऊन आला. प्रत्येक झटक्याची तारीख, घड्याळातली वेळ, कुठलं मशीन बंद पडलं आणि किती माल गेला, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. वीज गेलेली नसते, दिवे फक्त लवतात. पण तेवढ्यात कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीनला वीज जोडणारे स्विच, सुटतात, हीटर बंद होतात, वितळलेलं प्लास्टिक बॅरलमध्ये घट्ट होतं आणि लाइन पुन्हा उभी करायला अर्धी पाळी जाते. आमच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत त्या दिवशी त्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून कारखान्याकडे जाणाऱ्या लाइनीवर, 'खंडित नाही' असंच असणार, आणि तेही खरंच. वीज खंडित झालेलीच नव्हती.

मी त्या वहीचे फोटो काढले. मीटरमधला लोड सर्व्हे, म्हणजे दर अर्ध्या तासाच्या भाराची नोंद, उतरवून घेतला होताच. संध्याकाळी उपकेंद्रात जाऊन नव्या रिलेंच्या, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणांच्या, घटनांची यादी काढली. आधी काहीच जुळेना, कारण लोड सर्व्हेमध्ये भार पडलेला दिसायचा तो काही ठिकाणी एक रकाना पुढे. अकरा मिनिटं वजा केल्यावर मीटर आणि वही एका ओळीत आले. मग कारखान्याच्या फिडरचा रिले बघितला. त्यात त्या वेळांना एकही ट्रिपिंग नाही. शेजारच्या फिडरचा उघडला आणि सगळं समोर आलं. वहीतल्या जवळजवळ प्रत्येक वेळेला त्या फिडरवर फॉल्ट होता.

तो फिडर त्याच बसबारवरून, म्हणजे सगळ्या फिडरना वीज देणाऱ्या उपकेंद्रातल्या सामाईक पट्टीवरून निघतो आणि कुळागरांमधून, माड-पोफळीच्या बागांमधून, वाड्यांकडे जातो. पावसात वारा सुटला की माडाची झावळ तारेवर पडते, पोफळी वाकून टेकते. फॉल्ट झाल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंत सेकंदाचा लहानसा भाग जातो. तेवढ्यात बसबारवरचं व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि त्यावरच्या सगळ्या फिडरना ते जाणवतं. ब्रेकर पुन्हा लागतो, झावळ तिथेच असेल तर दुसरा झटका. वाडीतल्या माणसाला वाटतं आपली लाइट गेली. पलीकडे कारखान्यात मशीनं थांबतात, आणि या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

म्हणजे मालक जी वीज विकत घ्यायला निघाले होते, ती याच बसबारवरून, याच तारांतून येणार होती. कागदावर विक्रेता बदलणार, झटके तेच राहणार.

इथे मी अडकले. मी हे सांगितलं, तर आमचा ग्राहक अडवण्यासाठी सांगते असं वाटणार. आमच्याकडे तारा सांभाळणं आणि वीज विकणं ही दोन्ही कामं एकाच छताखाली आहेत. तारांची इंजिनिअर म्हणून मी त्यांना खरं सांगायला बांधील आहे, आणि वीज विकणाऱ्या कार्यालयाची माणूस म्हणून माझ्या खरं बोलण्यावर संशय येतो. पुरवठादार बदलणं तसं नवं नाही. मुंबईच्या उपनगरांत २००९ नंतर ग्राहकांनी तारा त्याच ठेवून पुरवठादार बदलले. बेस्ट ही महापालिकेची संस्था, कायद्यात स्थानिक संस्थेला ओपन ॲक्सेसमधून सूट. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं, की दुसरा परवानाधारक स्वतःच्या तारा टाकून तिच्या हद्दीत वीज देऊ शकतो. आमच्याच वीज नियामक आयोगाखालच्या दमणमध्ये २०२२ ला आणि चंडीगडमध्ये २०२५ ला वितरण खाजगी हातात गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने काढलेल्या वीज कायदा दुरुस्तीच्या मसुद्यात तर एकाच जाळ्यावर अनेक वितरकांची कल्पना आहे. लोकांना वाटतं, कंपनी आली की वीज जाणार नाही. माडाच्या झावळीला कंपनी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सोबत हेही सांगितलं, की कॉन्टॅक्टरच्या कंट्रोल सप्लायला छोटा यूपीएस लावा, निम्मे झटके मशीनपर्यंत पोचणारच नाहीत. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तुमच्याकडून कुणी आधी का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "तुमची वही आणि आमचा रिले कुणी शेजारी शेजारी ठेवलेच नव्हते."

अर्ज त्यांनी मागे घेतला नाही. घ्यावा असं मी म्हटलंही नाही, तो त्यांचा हक्क आहे. तांत्रिक अहवालात मी नवीन मीटर, नवीन सीटी आणि घड्याळ जुळवणीची अट लिहिली, हरकत नसल्याची सही केली आणि मुदतीच्या आत पाठवला. त्यासोबत वेगळी टिपणी जोडली. शेजारच्या फिडरच्या कुळागरांतल्या टप्प्याची पावसाआधी छाटणी, तिथे उघड्या तारांऐवजी आवरण असलेली, एकत्र पिळलेली एबी केबल आणि बसबारवर झटके नोंदवणारं उपकरण.

टिपणीवर वरून प्रश्न आला, की सोडून जाणाऱ्या ग्राहकासाठी वाड्यांच्या लाइनीवर खर्च कशाला. मी उत्तर लिहिलं, की तो ग्राहक वीज सोडतोय, तारा सोडत नाही. वीज वाहून नेण्याचा आकार तो दर महिन्याला आपल्याकडेच भरणार आहे, आणि त्याच्या मशीनचे झटके त्या वाडीतल्या माडांखालून येतात. फाइल अजून वर आहे. इलेक्ट्रिशियनला मी वही पुढे चालू ठेवायला सांगितलंय, फक्त वेळ मोबाइलवरची लिहायची.